तार बांगलादेशात गेली, पण कोणती? एक्स्प्रेस फीडर की ग्रीडची जोडणी

धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या एका मित्राकडे सोलरसाठी जमिनी गोळा करणारा एजंट येऊन गेला. जमीन भाड्यानं द्या, कंपनी इथली वीज बांगलादेशाला विकणार आहे, पैशाला मरण नाही, असं सांगून गेला. मित्राचा लगेच फोन: "आपल्या रानातनं थेट तिकडं तार जाणार का काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देशाबाहेर वीज नेणाऱ्या लाइनी दोन जातीच्या असतात. टॉवर तसलेच, ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या ताराही तसल्याच, त्यामुळे बांधावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. फरक कळतो तो प्रकल्पात पैसा घालणाऱ्याला, आणि तोही बऱ्याचदा उशिरा.

पहिली जात म्हणजे आपल्याकडे पाणीपुरवठा योजनेला असतो तसा एक्स्प्रेस फीडर. मधे कुणाचं कनेक्शन नाही. झारखंडमधल्या गोड्डा इथला अदानींचा १६०० मेगावॅटचा प्रकल्प असा बांधला गेला. २०१७ मध्ये बांगलादेशाशी २५ वर्षांचा करार झाला, २०२३ मध्ये वीज सुरू झाली. केंद्र भारताच्या जमिनीवर, पण तार फक्त बांगलादेशाकडे. आपल्या ग्रीडशी, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी, संबंधच ठेवला नव्हता. प्रकल्पवाल्याला हे गोड वाटतं, कारण ग्राहक ठरलेला असतो. वीज कमी उचलली तरी स्थिर आकार लागतोच, आपल्या बिलात लागतो तसा. असा करार हातात असला की बँकाही कर्ज देतात.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातलं सरकार गेलं. बांगलादेशाकडे अदानींच्या बिलांची थकबाकी आधीच साठत होती. नोव्हेंबरपर्यंत पुरवठा जवळपास निम्म्यावर आला आणि उरलेली वीज दुसऱ्या कुणाला द्यायला तारच नव्हती. आमच्या परळीचं वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. गोड्ड्याला पाणी, कोळसा, यंत्रं सगळं जागेवर, अडलं ते बिलापाशी. भारत सरकारनं मात्र ढाक्यातल्या उलथापालथीनंतर आठवड्याभरातच नियम बदलून ठेवला होता: परदेशातल्या ग्राहकानं सतत वीज उचलली नाही किंवा पैसे थकवले, तर अशा केंद्राला भारतीय ग्रीडशी जोडता येईल. म्हणजे पहिल्या जातीच्या लाइनीला दुसऱ्या जातीचा आधार शोधावा लागला.

ही दुसरी जात म्हणजे दोन देशांच्या ग्रीडची जोडणी. पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरहून बांगलादेशातल्या भेरामाऱ्याला २०१३ मध्ये ५०० मेगावॅटची अशी जोडणी झाली, २०१८ मध्ये ती १००० वर गेली. भेरामाऱ्याला एकाच आवारात एसीची (दिशा सतत बदलणारी, आपल्या घरात येते ती वीज) डीसी (एकाच दिशेनं वाहणारी) आणि डीसीची पुन्हा एसी करतात. त्यामुळे एका ग्रीडमधली गडबड दुसरीकडे पसरत नाही आणि किती वीज सोडायची ते ठरवता येतं. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला असंच केंद्र आहे. दक्षिणेचा ग्रीड आपल्यापासून वेगळा होता तेव्हा ते दोघांना जोडून होतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि सगळा देश एका तालावर आला. म्हणजे ग्रीडची सीमा त्या दिवसापर्यंत धाराशिवच्या दारातच होती म्हणा ना!

नेपाळकडची मुझफ्फरपूर-ढल्केबर लाइन थेट एसीची आहे, मधे डीसी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतातून बांगलादेशाला गेली. दोघांची हद्द एकमेकांना लागत नाही, तरी व्यवहार झाला, कारण मधे ग्रीड होता.

अशा जोडणीत ग्राहक बदलता येतो. नेपाळ २०२१ पासून आपल्या वीज बाजारात व्यवहार करतो. पण भाव रोजचा, जोडणीची क्षमता मर्यादित आणि परवानगी दिल्लीची. चिनी पैसा लागलेल्या नेपाळी प्रकल्पाची वीज भारत घेत नाही, ती गोष्ट वेगळीच.

मित्राला सांगितलं, धाराशिवहून बांगलादेशची सीमा हजार किलोमीटरच्या पुढं आहे; एवढी स्वतंत्र लाइन कुणी ओढणार नाही. तुझ्या रानातली वीज जवळच्या सबस्टेशनला जाऊन ग्रीडमध्ये मिसळेल. बांगलादेशाला विकली तरी ती कागदावर. वीज जवळच कुठंतरी वापरली जाईल.

तो म्हणाला, "मग एजंट खोटं बोलला?"

पुरतं खोटं नाही. पण भाडं तिकडच्या वसुलीवर अवलंबून आहे की महिन्याला ठरलेलं, एवढं करारात वाचून मगच सही कर म्हटलं.