बंदूकवाले सगळे सारखेच का दिसतात?

फेब्रुवारी २००७ मध्ये जिम झुम्बो हे अमेरिकी शिकारी-लेखक वायोमिंगच्या माळरानावर कायोटीच्या शिकारीला गेले होते. कायोटी म्हणजे लांडग्याच्या कुळातला, पण चणीने लहान प्राणी. बरोबरच्या वाटाड्यांकडून त्यांना कळलं, की हल्ली बरेच शिकारी एआर-१५ सारख्या लष्करी धाटणीच्या रायफली वापरू लागले आहेत. झुम्बोंना ते अजिबात रुचलं नाही. ‘आउटडोअर लाइफ’ या जुन्या मासिकाचे ते शिकार-संपादक. चार दशकं हरणं, एल्क आणि जंगल यांवर लिहीत आलेले. मनात आलं ते त्यांनी एका छोट्या टिपणात लिहिलं आणि लगेच प्रसिद्ध करून टाकलं.

आपल्या शिकारी बिरादरीत असल्या बंदुकांना जागा नाही, माळावर आणि जंगलात त्यांच्यावर बंदीच हवी, असं त्यात होतं. या रायफलींना त्यांनी थेट ‘दहशतवादी रायफली’ म्हटलं. शिवाय कारण दिलं: सामान्य माणसाला ही बंदूक पाहून धडकी भरते, आणि जगात दहशत माजवणाऱ्यांच्या रांगेत लोकांनी शिकाऱ्यांनाही उभं करावं, हे आपल्याला परवडणारं नाही. म्हणजे त्यांची सगळी चिंता शिकाऱ्यांच्या जनमानसातल्या प्रतिमेची होती.

बंदूकवाल्यांचा राग उसळला आणि आठवडाभरात होत्याचं नव्हतं झालं. रेमिंग्टन या बंदूक कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले, मासिकातलं पद गेलं, टीव्हीवरचा कार्यक्रम थांबला, बंदूकमालकांची मोठी संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशननेही हात झटकले. झुम्बोंनी जाहीर माफी मागितली. पुढे टेड न्यूजंट या गायक-शिकाऱ्याच्या टेक्सासमधल्या रँचवर जाऊन ते तीच रायफल चालवायला शिकले. बंदूकवाल्यांनी आपल्याच एका नामांकित माणसाला वाळीत टाकलं होतं. ज्या प्रतिमेला झुम्बो भीत होते, ती त्या आठवड्यात आणखी घट्ट झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. ती कशी घट्ट होते, हे मानसशास्त्राने गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच उलगडलं आहे.

आधी ती बंदूक नीट पाहू. जुन्या वळणाच्या शिकारी रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असतो. एक गोळी झाडली की बोल्ट वर उचलून मागे ओढायचा. रिकामं काडतूस बाहेर उडतं. मग बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला की दुसरं काडतूस नळीत बसतं. दोन गोळ्यांच्या मध्ये हाताला हे काम असतंच. एआर-१५ चा दस्ता बहुधा काळ्या प्लॅस्टिकचा, धरायला पिस्तुलासारखी मूठ, खाली मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चढते. लष्कराच्या एम-१६ शी तिचं रूप जुळतं, कारण यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत केलेल्या एकाच रचनेतून दोन्ही निघाल्या. पण एम-१६ सलग फैर झाडू शकते. दुकानात मिळणारी एआर-१५ चापाच्या एका ओढीला एकच गोळी सोडते. तिचं पॉइंट २२३ काडतूस लाकडी दस्त्याच्या बोल्ट रायफलींतही चालतं. फरक आहेत, आणि भराभर गोळ्या सुटणं हा काही किरकोळ फरक नव्हे. पण ते फरक ओळखायला बंदूक हाताळलेली असावी लागते.

ज्याने ती कधी हाताळली नाही, त्याच्यापुढे असतो फक्त बातमीतला फोटो. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, ती याच घडणीच्या रायफलीने. असं चित्र मनातून जात नाही. जे उदाहरण चटकन आठवतं ते वारंवार घडत असणार, असा हिशेब मन करतं, हे अमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं होतं. प्रत्यक्षात अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, आणि बंदुकीने होणाऱ्या खुनांत सर्वाधिक वापर पिस्तुलांचा होतो. पण बंदूकवाला म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो काळ्या रायफलीचा धनी.

परक्या गटाबद्दल मनात ‘सब घोडे बारा टक्के’ हा हिशेब किती सहज होतो, याचा एक साधा प्रयोग जॉर्ज क्वाट्रोन आणि एडवर्ड जोन्स यांनी १९८० मध्ये केला. प्रिन्स्टन आणि रट्गर्स ही न्यू जर्सीतली शेजारशेजारची विद्यापीठं. दोन्हींकडच्या विद्यार्थ्यांना एका तरुणाची चित्रफीत दाखवली. त्याला कुठलीशी साधी निवड करायची होती, उदाहरणार्थ एकट्याने थांबायचं की इतरांबरोबर. काहींना सांगितलं हा प्रिन्स्टनचा, काहींना सांगितलं हा रट्गर्सचा. मग विचारलं, त्या विद्यापीठातले आणखी किती जण हेच निवडतील? तरुण दुसऱ्या विद्यापीठाचा असला की एका माणसावरून सगळ्या गटाचा अंदाज बांधायची प्रवृत्ती जास्त दिसली. आपल्यांत तऱ्हेतऱ्हेचे लोक आहेत हे आपण जाणतो. पलीकडच्यांत तेवढे प्रकार असतील हे सुचतच नाही.

याला आणखी एक पदर आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी १९७६ मध्ये लोकांना ३९ छोटी वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात ‘अ’ किंवा ‘ब’ गटातल्या एका माणसाने काय केलं ते लिहिलेलं. ‘अ’ गटाची २६ वाक्यं: १८ चांगल्या वागण्याची, ८ वाईट. ‘ब’ गटाची १३: ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण हुबेहूब तेच, ९ ला ४. तरीही नंतर विचारल्यावर लोकांनी बरीच जास्त वाईट कृत्यं ‘ब’ च्या माथी मारली. लहान गट ही विरळ गोष्ट, वाईट वागणं हीही विरळ गोष्ट; दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की लक्षात राहतात आणि त्यांचं नातं आहे असं वाटू लागतं. हे नेमकं कशामुळे होतं यावर संशोधकांत वाद आहे, पण परिणाम पुन्हा पुन्हा दिसला आहे. शिकारी तर अमेरिकेतही लहान गट. तिथल्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख लोकांनी शिकार केली. सोळा वर्षांवरच्या लोकसंख्येत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत येतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, नारिंगी जाकीट घालून हरणामागे जाणारा आणि वर्षभराचं मांस फ्रीजरमध्ये भरणारा अमेरिकी माणूस आपल्याला चटकन कळत नाही. तिकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांनाही तो सुरुवातीला बुचकळ्यात टाकतो. आपल्यापासून तो इतका लांब आहे, की ‘अमेरिकेतले बंदूकवाले’ हा एकच गठ्ठा आपण मनात बांधून ठेवतो.

या गठ्ठ्यात आतून मोठी उलथापालथ झाली आहे. १९९९ मध्ये बंदूक बाळगण्याचं मुख्य कारण विचारलं तेव्हा ४९ टक्के मालकांनी शिकार सांगितली आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०१३ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या जनमत मोजणाऱ्या संस्थेने तेच विचारलं, तर आकडे उलटे: संरक्षण ४८, शिकार ३२. झुम्बोंवरून उडालेला भडका या दोहोंच्या मधल्या वर्षांतला आहे. ‘बंदूक म्हणजे शिकारीचं साधन’ असं मानणारी पिढी आपल्याच घरात अल्पसंख्य होत होती. त्यात २००४ मध्ये लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची दहा वर्षांची केंद्रीय बंदी संपलेली, नोव्हेंबर २००६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहं जिंकलेली, आणि ती बंदी परत आणण्याचं विधेयक नुकतंच मांडलेलं. एआर-१५ च्या मालकाला झुम्बोंचं वाक्य दगाफटक्यासारखं वाटलं, यात नवल नाही.

मग राग एवढा टोकाचा का? परक्याने हेच म्हटलं असतं तर लोक वैतागून गप्प बसले असते. होझे मार्केस, व्हिन्सेंट इझर्बिट आणि जाक-फिलिप लेयेन्स यांनी १९८८ मध्ये बेल्जियन विद्यार्थ्यांना काही माणसांबद्दल मत विचारलं: चांगले आणि वाईट बेल्जियन विद्यार्थी, चांगले आणि वाईट उत्तर आफ्रिकी विद्यार्थी. चांगल्या बेल्जियनला सर्वात वरचे गुण मिळाले, अपेक्षेप्रमाणे. पण सर्वात खालचे गुण वाईट परदेशी माणसाला नाही, वाईट बेल्जियनला मिळाले. आपल्यातला नकोसा माणूस आपल्या नावाला बट्टा लावतो, म्हणून त्याला जास्त कठोर शिक्षा. याला मानसशास्त्रात ‘ब्लॅक शीप इफेक्ट’ म्हणतात.

इथे कुणी विचारेल, घरच्या माणसाने केलेली टीका तर आपण जास्त ऐकून घेतो ना? बरोबर. ऑस्ट्रेलियातले मॅथ्यू हॉर्न्सी आणि सहकारी यांनी २००२ मध्ये हेच मोजलं. ऑस्ट्रेलियन लोकांवरची तीच टीका ऑस्ट्रेलियनाच्या तोंडून आली तर लोकांना कमी झोंबली, परदेशी माणसाच्या तोंडून आली तर जास्त. पण ही मुभा बिनशर्त नसते. टीकाकाराला गटाबद्दल आपुलकी आहे, तो भल्यासाठी बोलतोय, असं वाटलं पाहिजे. आणि घरचं भांडण चव्हाट्यावर आणलं की मुभा आटते, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. झुम्बोंच्या लिखाणात ‘आपण’ होतं, आपुलकीही होती. पण त्यांचा ‘आपण’ फक्त शिकाऱ्यांपुरता होता. एआर-१५ वाल्यांना त्यांनी एका शब्दात दाराबाहेर उभं केलं, तेही सगळ्या गावादेखत. त्या शब्दाची जखम मला समजते. शिक्षा मात्र शब्दापुरती राहिली नाही.

असाच दुसरा प्रसंग २०१३ च्या अखेरीस घडला. ‘गन्स अँड अ‍ॅमो’ मासिकाचे जुने स्तंभलेखक डिक मेटकाफ यांनी लिहिलं, की सर्व घटनादत्त हक्कांना, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्कालाही, काही ना काही नियमन असतंच. त्यांचं सदर बंद झालं. अशी दोन उदाहरणं पाहिल्यावर तिसरा माणूस लिहिताना दहादा विचार करतो. मग बाहेर ऐकू येतो तो एकच सूर, आणि बाहेरचा माणूस म्हणतो, पाहा, सगळे असेच.

ते तसे नाहीत. प्यूच्या २०१७ च्या पाहणीत बंदुकीच्या खासगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासणी, म्हणजे घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी, हवी, असं ७७ टक्के बंदूकमालकांनी म्हटलं. बंदूक नसलेल्यांत हे प्रमाण ८७ टक्के. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी घालण्याच्या बाजूने मालकांतले ४८ टक्के होते. म्हणजे झुम्बोंच्या मताच्या आसपास, त्यांची भाषा वगळून, जवळजवळ निम्मे मालक उभे होते. नॅशनल रायफल असोसिएशनचे सदस्य असल्याचं एकूण बंदूकमालकांपैकी १९ टक्क्यांनीच सांगितलं. आणि २०२० मध्ये ग्रॅहम डिक्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, की तपासणीच्या नियमांना किती पाठिंबा आहे याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच असतो. आपण एकटेच असं मानतो, या समजुतीत बरेच जण गप्प असतात.

शिकारीबद्दलही अमेरिकी जनमत बाहेरून वाटतं तितकं सरसकट नाही. रिस्पॉन्सिव्ह मॅनेजमेंट या संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत कायदेशीर शिकारीला सुमारे ८० टक्के लोकांची संमती होती. हेतू विचारला की आकडा हलतो: मांसासाठी शिकार म्हटलं तर ८० च्या वर, शिंगांच्या ट्रॉफीसाठी म्हटलं तर ३० च्या आसपास. लोक बंदुकीकडे पाहतात तसे तिच्यामागच्या कारणाकडेही पाहतात, फक्त ते कारण त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. बंदूक उद्योगाच्या संघटनेने २००९ पासून एआर-१५ ला ‘आधुनिक क्रीडा रायफल’ म्हणण्याची मोहीम चालवली. नाव बदललं, फोटो तोच राहिला.

रूढ प्रतिमा कशाने हलते, याचा शोध रेनी वेबर आणि जेनिफर क्रॉकर यांनी १९८३ मध्ये वकील आणि ग्रंथपाल यांच्यावरचे मजकूर देऊन घेतला. साच्यात न बसणारी माहिती दोनचार माणसांतच एकवटलेली असेल, तर वाचणारे त्यांना अपवाद ठरवून बाजूला काढतात आणि साचा शाबूत ठेवतात. तीच माहिती पुष्कळ माणसांत थोडी थोडी विखुरलेली असेल, तर साचा ढिला होतो. झुम्बो आणि मेटकाफ अपवाद ठरले, दोन्हीकडच्यांसाठी: बंदूकवाल्यांनी त्यांना फितूर म्हटलं आणि बाहेरच्यांनी ‘एखादाच शहाणा’ म्हटलं. मिनेसोटातल्या हरणशिकाऱ्याने, रात्रपाळीहून एकटी घरी येते म्हणून पिस्तूल घेतलेल्या परिचारिकेने, रविवारी एआर-१५ घेऊन लक्ष्यभेद करणाऱ्या शिक्षकाने बंदुकीबद्दल आपापलं खरं मत शेजाऱ्यांशी आणि एकमेकांशी उघडपणे बोललं, तर त्यांना अपवाद म्हणून बाजूला काढणं कठीण जाईल, कारण ते संख्येने फार आहेत.