लाखोळीपासून कंट्रोलच्या तांदळापर्यंत

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसले, धुताना वर तरंगले, की पूर्व विदर्भातल्या गावांत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी चर्चा सुरू होते. दुकानदाराच्या खुलाशाने कोणाचे समाधान होत नाही. आशाताई काय म्हणते, पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) डॉक्टर काय म्हणतात, हे विचारले जाते. या विचारण्याला इथे बराच जुना इतिहास आहे, आणि त्यात डॉक्टरांचा शब्द दर वेळी टिकला असे नाही.

१९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. पॉलिशच्या तांदळाविरुद्ध बोलताना गांधीजींनी डॉक्टरांची मते मागवली आणि ‘हरिजन’मध्ये छापली. हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ यांच्या बाजूने वैद्यक उभे राहिले. तरी गावोगावी गिरण्या यायच्या त्या आल्याच.

खरी कसोटी लागली ती लाखोळी या डाळीच्या वेळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात कापणीआधी ओलसर बांधीत (धानाच्या शेतात) हिचे बी फेकून देतात. नांगरट नको, पाणी नको. पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात, उरलेले गुरांना जाते. पण दुष्काळात दुसरे काहीच नसताना महिनोन् महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. मध्य प्रदेशातल्या सागरकडचे असे रुग्ण इंग्रज अधिकारी स्लीमनने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. तिकडच्याच रीवा भागात तर सालदारांना मजुरीच लाखोळीत मिळे. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली. त्यामागचे विषद्रव्य १९६४ च्या सुमारास वेगळे करता आले.

वैद्यकाचा इशारा खोटा नव्हता. गावापर्यंत मात्र तो अर्धाच पोचला. किती खाल्ली तर धोका, किती काळ खाल्ली तर धोका, भिजवून-उकळून पाणी फेकले तर विष बरेच कमी होते, हे सांगण्याऐवजी ‘विषारी आहे’ एवढेच सांगितले गेले. ज्या घरात आजी-आजोबांपासून सगळे वरण-भातासोबत इतर डाळींच्या जोडीने ती खात आले आणि चालतेफिरते राहिले, तिथे या वाक्याला काय किंमत राहणार? शेतात पेरा चालूच राहिला, विक्री चोरून होऊ लागली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठवण्यासाठी वर्षानुवर्षे सत्याग्रह करत राहिले. राज्याने २००८ मध्ये बंदी उठवली, तरी २०११ च्या केंद्रीय नियमांत विक्रीची मनाई कायम होती. म्हणजे एकाच डाळीबद्दल दोन सरकारांची दोन मते, आणि त्यांत डॉक्टरने कोणते सांगायचे?

लाखोळीवर बंदी असतानाच सेवाग्रामला वेगळी वाट धरली गेली. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायची पद्धत पडली. चुलीवर काय शिजते ते पाहूनच आहाराचा सल्ला द्यायचा, हे अशा घरभेटींतून साधते.

आता फोर्टिफाइड तांदूळ; ‘प्लास्टिकचे’ वाटणारे रेशनमधले दाणे याचेच. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल, बी-१२ कालवून दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२१ ला तो सर्व सरकारी योजनांतून देण्याची घोषणा केली; गडचिरोलीत प्रायोगिक वाटप त्याआधीच झाले होते. (आधी गिरणीत कोंडा काढायचा, मग पोषण परत घालायचे. वर्ध्याच्या जुन्या मंडळींना हे वाचून हसू आले असते.)

विदर्भात अडचण सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची. आदिवासी आणि इतर अनेक समाजांत हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त अन्न खाऊ नये, अशी सूचना पाकिटावर छापणे २०१८ च्या नियमांनी बंधनकारक होते. रेशनचा तांदूळ मात्र पोत्यातून सुटा मिळतो. सूचना वाचणार कोण? २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर केंद्राने ही सक्ती काढली. सिकलसेलच्या रुग्णांच्या शरीरात लोहाचे शोषण आवरणारे हेप्सिडिन हे संप्रेरक मुळातच वाढलेले असते, त्यामुळे अशा तांदळातून जादा लोह शोषले जाण्याची शक्यता कमी, हे त्यामागचे एक कारण. ते पटण्यासारखे आहे, पण काल ‘खाऊ नका’ आणि आज ‘चालेल’ असे सांगायची पाळी गावात आशाताईवर येते. तिच्या हाती तेच कारण सोप्या मराठीत द्यायला हवे, नाहीतर लाखोळीसारखा नुसता आदेशच दारात पोचेल.