ओफेलियाचे मोकळे केस आणि ल्यूट

शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाची 1603 ची पहिली छापील प्रत आहे ना, त्यात वेड लागलेली ओफेलिया (हॅम्लेटची प्रेयसी) केस मोकळे सोडून ल्यूट (बोटांनी छेडायचं तंतुवाद्य) वाजवत, गात स्टेजवर येते. नंतरच्या प्रतींत ल्यूट गायब. पण हे बघून तेव्हाच्या प्रेक्षकाला धक्का का बसला असेल, त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

इंग्लंडात बड्या घरच्या मुलींना ल्यूट नाहीतर व्हर्जिनल (टेबलावर मावणारी पेटी, पट्टी दाबली की आत तार छेडली जाते) शिकवायचे, लग्न जमवताना ते जमेची बाजू. पण वाजवायचं ते घरात, आपल्या माणसांत. 1561 मध्ये दरबारी माणसाने कसं असावं यावरच्या कास्तिल्योनेच्या इटालियन पुस्तकाचं इंग्लिश भाषांतर आलं, त्यात तर बायकांच्या हातात ढोल-तुतारी शोभत नाही असं सरळच म्हटलंय.

इंग्लंडची राणी एलिझाबेथसुद्धा यातून सुटली नाही. 1564 ला स्कॉटलंडच्या मेरी राणीचा दूत जेम्स मेलव्हिल लंडनला आला, त्यानेच लिहून ठेवलंय. एलिझाबेथचा दरबारी लॉर्ड हन्सडन त्याला जेवणानंतर एका गॅलरीत घेऊन गेला, आतून व्हर्जिनल ऐकू येत होतं, मेलव्हिल पडदा सारून आत शिरला तर एलिझाबेथ पाठमोरी बसून वाजवतेय. ती थांबली, मारायला हात उगारल्यासारखं केलं आणि म्हणाली, मी पुरुषांसमोर वाजवत नाही, एकटी असले की उदास वाटू नये म्हणून वाजवते. आणि मग विचारते काय, तुमची राणी चांगलं वाजवते की मी! मला तर हे सगळं ठरवून घडवलेलं वाटतं, पडद्यासकट.

पुरुषांचीही गोची होतीच. प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट ख्रिस्ती) वळणाचा फिलिप स्टब्स 1583 मध्ये चिडून लिहितो की पोरगा बायकी करायचा असेल तर त्याला नाच-गाणं शिकवा.

आणि आता पार्थेनिया. इंग्लंडात व्हर्जिनलसाठी छापलेलं हे पहिलं पुस्तक, जेम्स राजाच्या मुलीच्या 1613 च्या लग्नाच्या वेळचं. रचना बर्ड, बुल आणि गिबन्स या तिघा बाप्यांच्या, मुखपृष्ठावर मात्र एक मुलगी व्हर्जिनल वाजवतेय, केस मोकळे. इथे ती कुमारिकेची खूण. जेमतेम 10 वर्षांपूर्वी ओफेलियाचेही असेच सुटलेले होते.