जुन्या फर्निचरचा व्यापार (मुंबई)

जुन्या फर्निचरचा व्यापार : घरे, हॉटेले आणि कचेऱ्या यांतून निघालेले लाकडी सामान विकत घेऊन, त्याची डागडुजी करून ते पुन्हा विकण्याचा व्यवसाय. मुंबईत त्याची दोन मोठी ठाणी आहेत. एक भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि दुसरे जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा भाग. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही असे सामान येते, पण तिथे मोठ्या कपाटांपेक्षा सुटे भाग, कड्या-कोयंडे आणि किरकोळ चीजवस्तूच जास्त. देशात इतरत्र कोचीचे ज्यू टाऊन, तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातील कराईकुडी आणि दिल्लीची अमर कॉलनी ही या व्यापाराची ओळखीची ठिकाणे आहेत.

चोरबाजार हे नाव ‘शोर बाजार’ या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे सांगितले जाते. मटण स्ट्रीटवरची पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी उजाडण्यापूर्वी रस्त्यावर जुम्म्याचा बाजार मांडला जातो. फर्निचरवाल्यांपैकी अनेक जण त्या पहाटे स्वतःच गिऱ्हाईक होऊन फिरतात. पितळी मुठी, जुनी कुलपे, बेल्जियन आरशाचा एखादा तुकडा अशा गोष्टी तिथेच मिळतात आणि दुकानात अडून राहिलेले एखादे कपाट त्यामुळे पुरे होते.

माल कुठून येतो

या धंद्याचा खरा उगम घर मोडण्यात आहे. मुंबईत उंच छताच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की आठ फुटी कपाट नव्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावत नाही. छत्रीचा पलंग बेडरूमचा दरवाजाच अडवतो. मुले परदेशी असतात, मागे राहिलेल्या एकट्या माणसाला सामान हलवायची ताकद नसते. अशा वेळी भंगारवाला, इमारतीचा रखवालदार किंवा एखादा दलाल दुकानदाराला खबर देतो. दुकानदार घर बघायला जातो तेव्हा बहुधा सगळ्या सामानाचा एकच भाव ठरतो, त्याला ‘लॉट’ म्हणतात. इसार देऊन सौदा पक्का होतो आणि ठरल्या दिवशी हमाल व टेम्पो येऊन घर रिकामे करतात. लॉटमधल्या एक-दोन वस्तूंवर सगळा नफा असतो, उरलेले प्लायवूड, लोखंडी खाटा आणि गाद्या वाटेला लावाव्या लागतात.

पुण्यात आणि घाटावर हाच माल वाड्यांतून आला. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे पडले, पुढच्या दशकांत उरलेल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. झोपाळे व त्यांच्या पितळी कड्या, देव्हारे, चौरंग, पेटारे, मुनीमाचे उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क, कोरीव गणेशपट्ट्या आणि सागवानी खांब असे सगळे बाजारात आले. यातले बरेच खांब आणि तुळया पुन्हा करवतून त्यांची नवी टेबले झाली. जुन्या लाकडाचा पुनर्वापर म्हणून याचे कौतुक होते. पण कोरलेला खांब चिरून त्याचे चार पाय करणे हे नुकसानच आहे, मग टेबल कितीही देखणे होवो.

इराणी हॉटेलांचा माल वेगळा. तिथल्या काळसर, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या हा मध्य युरोपातून आलेला प्रकार. मिखाएल थोनेट याच्या कारखान्याने बीच नावाच्या झाडाचे लाकूड वाफेवर वाकवून १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ ही खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात ती जोडली जाई. सुटी करून पेटीत भरता येत असल्याने ती जगभर गेली. मुंबईत इराणी हॉटेले एकेक करून बंद होत गेली तशा या घडणीच्या खुर्च्या आणि संगमरवरी पाटाची टेबले फर्निचरवाल्यांकडे आली.

मुंबईची खास घडण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत काळ्या शिसवाचे कोरीव फर्निचर बनू लागले. इंग्रजांना ते ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून माहीत होते. बैठक युरोपीय, पण अंगभर कोरीव काम देशी : वेलबुट्टी, पाने, पक्षी, पाठीवर आरपार जाळी. अनेक पारशी घरांत असे दिवाण आणि खुर्च्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या. त्यांच्या मागोमाग १९३० च्या दशकात आर्ट डेको शैली आली : गोलाई दिलेले कोपरे, वरून चढवलेले नक्षीदार लाकडी पापुद्रे, मोठे गोल आरसे. १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले, त्या काळच्या मध्यमवर्गीय घराची आधुनिक कल्पना त्यात मांडली होती. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या इमारतींच्या आत असलेल्या फर्निचरला मात्र असे कोणतेही संरक्षण नाही, ते घरमालकाच्या मर्जीवर आहे.

पारख

जाणता फर्निचरवाला कपाटाची पुढची बाजू सगळ्यात शेवटी बघतो. तो एक खण बाहेर काढून उलटा करतो. तळाच्या लाकडाला पॉलिश नसते, तिथे वयाचा रंग आपसूक आलेला असतो. बोटे आडवी फिरवली की हाती चालवलेल्या रंध्याच्या हलक्या लाटा लागतात, यंत्राने रंधलेली फळी सपाट असते. करवतीचे वण सरळ आणि कमी-जास्त अंतरावर असतील तर ते हाताच्या करवतीचे, कमानीसारखे वळलेले असतील तर गोल पात्याच्या यंत्राचे. कोपऱ्यावर कबुतराच्या शेपटीसारखा सांधा असतो. हाताने केला असेल तर त्यातले दात एकमेकांसारखे नसतात आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसते. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पट्ट्या झिजलेल्या हव्यात, तेही पुढच्या बाजूला जास्त. मुठीच्या भोवती जुन्या, मोठ्या मुठीची सावली आणि बुजवलेली भोके दिसली तर मूठ बदललेली आहे.

लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. त्यामुळे शंभर वर्षांचे गोल टेबल टेपने मोजले तर थोडेसे लांबट निघते. तंतोतंत गोल निघाले तर शंका घ्यावी. वेताच्या खुर्चीत पाहायची ती बैठकीच्या कडेची भोके. जुन्या पद्धतीत वेताची एकेक पट्टी भोकांतून ओवून बैठक जागेवरच विणलेली असते. तयार विणलेला वेत खाचेत दाबून बसवलेला असेल तर ते काम नंतरचे. वेत भिजवून ओला असतानाच विणावा लागतो, सुकल्यावर तो ताणून बसतो. हे काम आपल्याकडे अनेक वर्षे दृष्टिहीन कारागिरांना शिकवले गेले आणि सरकारी कचेऱ्यांच्या असंख्य खुर्च्या त्यांच्या हातून विणून झाल्या.

सागवान ओळखायला जागा दिसणार नाही अशा कोपऱ्यात थोडे खरवडतात. आतून सोनेरी रंग आणि तेलकट वास येतो. शिसव जड, जांभळट काळे. जॅकवूड, म्हणजे फणस, पिवळे असते आणि वयाने तांबूस होते. कोकणात आणि गोव्यात ते बरेच वापरले गेले.

डागडुजी

पॉलिशचा कारागीर हा या धंद्याचा अर्धा हात. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने एकावर एक पातळ थर चढवायचे, मध्ये मध्ये घासायचे आणि पुन्हा चढवायचे, असे हे काम दिवसेंदिवस चालते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतल्या ओलीने ते पांढरे पडते, म्हणून बरीच दुकाने जून ते सप्टेंबर फक्त सुतारकाम करून घेतात. सांध्यांना पूर्वी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ, लावत. सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो, त्यामुळे जुनी खुर्ची न मोडता उकलता येते आणि पुन्हा जोडता येते. आताचा फेव्हिकॉल तसा सुटत नाही. ज्या दुकानात अजून सरस वापरतात तिथला माल घ्यावा, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

संग्राहक आणि व्यापारी

पुण्याचे डॉ. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी साधारण १९२० पासून रोजच्या वापरातल्या देशी वस्तू जमवल्या : दिवे, अडकित्ते, दौती, वाड्यांची दारे-खिडक्या. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने तो सगळा संग्रह शेवटी महाराष्ट्र शासनाला दिला. राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. गोव्यात बाणावलीचे ‘गोवा चित्र’ संग्रहालयही मोडीत निघालेल्या घरगुती आणि शेतीच्या साधनांतूनच उभे राहिले. व्यापाऱ्याला असे करता येत नाही, त्याचा पैसा मालात अडकलेला असतो आणि गोदामाचे भाडे चढत असते. चित्रपट आणि मालिकांना सामान भाड्याने देऊन बरेच जण ते भाडे भागवतात.

कायदा

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, व्यापाऱ्याला नोंदवह्या आणि छायाचित्रे ठेवावी लागतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते. शिसव ज्या वृक्षवंशातले आहे त्या डालबर्जियाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जानेवारी २०१७ पासून साइट्स (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराच्या नियंत्रणाखाली आला, त्यामुळे शिसवी सामान परदेशी पाठवणे अवघड झाले.

१९३० च्या दशकातले आर्ट डेको अजून या कायद्यात बसत नाही. चंडीगडचे फर्निचर तर त्याहून नवे. स्विस वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठासाठी सागवान व वेताच्या हजारो खुर्च्या बनल्या. पुढे त्या भंगार म्हणून लिलावात गेल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये अशा वस्तूंच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली, पण तोवर खूप माल बाहेर गेला होता. त्या खुर्च्यांच्या पाठीवर खात्याचे नाव आणि क्रमांक रंगाने लिहिलेले असत. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी तोच पुरावा ठरला आणि अक्षरे असलेली खुर्ची जास्त मोलाची झाली. आपल्याकडचा पॉलिशवाला असे आकडे सगळ्यात आधी घासून काढतो. खुर्चीच्या बुडाशी चिकटलेला बनवणाऱ्या दुकानाचा कागद, खणात अंथरलेले जुने वर्तमानपत्र, कपाटामागे खडूने लिहिलेले मूळ मालकाचे आडनाव हेही त्याच हाताने जाते. वस्तू कोणत्या घरातून कोणत्या साली उचलली एवढे एका वहीत लिहून ठेवणारे फर्निचरवाले मोजकेच आहेत आणि अभ्यासक तीच वही आधी मागतात.