जर्सी कंपनीची, माणूस आपला : सायकल शर्यतीतल्या संघनिष्ठेची पार्श्वभूमी

जुलैत टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा रोजचा टप्पा तिथल्या घड्याळात पाच-साडेपाचला संपतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊला. दिवसभर सोयाबीनची डवरणी, मग जेवण, आणि रेंज धरली तर मोबाइलवर शेवटचा घाट. दारव्हा-दिग्रसकडे असो की अचलपूर-परतवाड्याकडे, या खेळाचा नाद लागलेली पोरं एकमेकांना 'तू पोगाचारचा की विंगेगोरचा?' असंच विचारतात. पोगाचार यूएई संघाचा, विंगेगोर विस्मा संघाचा, पण 'तू यूएईचा की विस्माचा?' असं कोणी विचारत नाही. शंकरपटात पुकारा जोडीच्या मालकाच्या नावाचा होतो, पण पब्लिक येते ती जोडी आणि धुरकरी पाहायला, तसंच हे आहे. यात चाहत्याचा उथळपणा शोधू नये. या खेळाचा पैसाच शंभर वर्षं असा फिरत आला आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नाही. टीव्ही हक्कांचा पैसा आयोजकाकडे जातो. संघाचं स्वतःचं मैदान नाही, विकायला खुर्च्या नाहीत. त्यामुळे खेळाडूंच्या पगारापासून बसच्या डिझेलपर्यंत जवळजवळ सगळा भार प्रायोजकावर, आणि प्रायोजक येतो ठरावीक वर्षांच्या कराराने. करार संपला की नाव, रंग, जर्सी सगळं जातं. मॅनेजर, मेकॅनिक, मालिशवाले, गाड्या मात्र बहुतेक वेळा तेच राहतात.

सुरुवातीला हे पैसेवाले म्हणजे सायकलचे कारखानदारच होते. १९०३ साली 'लोटो' या क्रीडा दैनिकाने खप वाढवायला टूर काढली. दैनिकाचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्याची जर्सी पिवळी. संपादक आंरी देग्राँजला माणसामाणसातली झुंज हवी होती, कारखान्यांना जाहिरात. १९२९ मध्ये आल्सियोन कंपनीचा मॉरिस द वाल पिवळ्या जर्सीत असताना आजारी पडला. सोबत्यांनी त्याला सांभाळत, वाऱ्याआड ठेवत पॅरिसपर्यंत आणलं आणि तोच जिंकला. देग्राँज भडकला. १९३० पासून त्याने कंपन्यांचे संघ बंद करून देशांचे संघ आणले आणि सगळ्यांना एकसारख्या, बिननावाच्या पिवळ्या सायकली दिल्या. कंपन्या गेल्यावर खाण्या-राहण्याचा खर्च आयोजकाच्या अंगावर आला. तो भरून काढायला त्याच वर्षी जाहिरातीच्या गाड्यांचा ताफा शर्यतीपुढे धावू लागला. तो आजही धावतो.

ही व्यवस्था १९६१ पर्यंत टिकली. चाहत्यांना ती सोपी होती, खेळाडूंना नव्हती. देशाची जर्सी तीन आठवड्यांची, पगार वर्षभर कंपनीचा. इटलीत बार्ताली लेन्यानो या सायकल कंपनीचा आणि कोप्पी बियांकी कंपनीचा, देश दोन तटांत वाटलेला. १९४८ च्या जागतिक स्पर्धेत दोघेही एकाच इटालियन संघात होते. एकमेकांना फायदा होऊ नये म्हणून दोघांनी शर्यत अर्धवट सोडली आणि महासंघाने दोघांना निलंबित केलं. पुढच्या वर्षीच्या टूरआधी संघाचा व्यवस्थापक अल्फ्रेदो बिंदा याला दोघांना बसवून समझोता करावा लागला. तेव्हा कुठे ब्रियाँसाँच्या टप्प्यावर, बार्तालीच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, कोप्पीने त्याला जिंकू दिलं. दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी स्वतः घेतली आणि टूरही जिंकली.

१९५९ चा मामला याहून वाईट. त्या काळी खेळाडूची मोठी कमाई टूरनंतर गावोगावी होणाऱ्या छोट्या शर्यतींतून व्हायची आणि ती आमंत्रणं दोन दलाल ठरवायचे, दानिएल दूसे आणि रोजे पिएल. मुख्य फ्रेंच संघातले आंकेतिल आणि रिव्हिएर दूसेकडचे. आंरी आंग्लाद पिएलकडचा, तोही फ्रेंच, पण मुख्य फ्रेंच संघात नव्हे तर सेंत्र-मिदी या प्रादेशिक संघात. आंग्लाद जिंकला असता तर त्या हंगामाचा भाव त्याला आणि त्याच्या दलालाला मिळाला असता. स्पेनचा बाहामोंतेस घाटातला राजा, पण गावातल्या सपाट फेऱ्यांत त्याची धास्ती नव्हती. आंकेतिल-रिव्हिएरने आंग्लादला वर येऊ देण्यापेक्षा बाहामोंतेसला जिंकू देणं पसंत केलं, असंच तेव्हापासून मानलं जातं. बाहामोंतेस पहिला, आंग्लाद दुसरा, आंकेतिल तिसरा. पॅरिसच्या मैदानात फ्रेंच पब्लिकने आपल्याच आंकेतिलवर शिट्ट्यांचा मारा केला. निष्ठा जर्सीत नसून खिशात असते, हे तेव्हा उघड झालं.

दरम्यान स्कूटर-मोटारींनी सायकलींचा खप खाल्ला आणि कारखान्यांचा हात आखडला. १९५४ मध्ये इटलीचा सायकलपटू फिओरेंझो मान्यी याने निव्हिया क्रीमचा पैसा संघात आणला. मग बाहेरच्या कंपन्यांना दार उघडलं. १९६२ ला टूरमध्ये कंपन्यांचे संघ परतले, १९६७-६८ अशी दोन वर्षं पुन्हा देशांचे संघ झाले, आणि १९६९ पासून कंपन्या कायमच्या. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्या नारिंगी जर्सीवरचं मोल्तेनी हे नाव मांस-सॉसेजच्या कारखान्याचं.

नावांची वंशावळ लक्षात ठेवली तर बरेच गोंधळ टळतात. रेनॉल्ड्स, बानेस्तो, इल्लेस बालेआर्स, केस देपार्न्य, मोव्हिस्टार : हा १९८० पासूनचा एकच संघ. क्वांटमपासून निघालेली डच रेघ राबोबँक, बेल्किन, लोटोएनएल-युम्बो, युम्बो-विस्मा अशी २०२४ मध्ये विस्मा-लीज अ बाइकवर आली. आजचा यूएई म्हणजे २०१६ पर्यंतचा इटालियन लाम्प्रे. स्काय २०१९ मध्ये इनिऑस झाला. तेव्हा 'मी संघाचा चाहता' म्हणायचं असेल तर नावाला धरू नका, संघ चालवणाऱ्या मंडळींना धरा. तेच टिकतात.

अपवाद थोडे, पण मोलाचे. स्पेनमधल्या बास्क मुलखाचा एउस्काल्तेल-एउस्कादी संघ मुख्यतः आपल्याच मातीतले खेळाडू घ्यायचा. पिरेनीजचे घाट चाहत्यांमुळे संघाच्या नारिंगी रंगाचे व्हायचे ते कंपनीसाठी नव्हे, मुलखासाठी. तरी पैसा आटला आणि २०१३ अखेर तो संघ बंद पडला. दुसरा अपवाद फ्रान्सचा तिबो पिनो. अख्खी कारकीर्द एफडीजे या एकाच संघात. २०१९ ची टूर मांडीच्या दुखापतीने सोडावी लागली, टूर कधी जिंकली नाही. तरी २०२३ च्या शेवटच्या टूरमध्ये पेती बालाँ घाटाच्या एका वळणावर त्याच्यासाठी जमलेली गर्दी कित्येक विजेत्यांच्या नशिबी आली नाही.

माणूस आणि संघ यांची टक्कर जवळून पाहायची तर २०२३ ची व्हुएल्ता, म्हणजे स्पेनची मोठी शर्यत. युम्बो-विस्मा संघातला मदतनीस सेप कुस याने त्याच वर्षी जिरो या इटलीच्या शर्यतीत संघातल्याच रोग्लिचला आणि टूरमध्ये विंगेगोरला घाटात ओढून जिंकवलं होतं. स्पेनमध्ये आघाडीची लाल जर्सी त्याच्याच अंगावर आली. सतराव्या टप्प्यात अँग्लिरूच्या चढावर रोग्लिच आणि विंगेगोर त्याला मागे टाकून निघून गेले. असल्या चढावर वेग इतका कमी की दुसऱ्याच्या चाकामागे बसून फारसं काही वाचत नाही. सपाटीवर वाचते ती साधारण तिसरा हिस्सा ताकद इथे मिळत नाही. तरी कुसने दुसऱ्या संघाच्या लांदाचं चाक धरून नुकसान आवरलं. टप्पा संपला तेव्हा तो एकूण वेळेत विंगेगोरच्या फक्त ८ सेकंद पुढे होता. त्या रात्री संघाचे चाहते संघावरच उखडले. मग संघाने कुसला राखायचं ठरवलं आणि तो १७ सेकंदांनी जिंकला. एकाच वर्षात जिरो, टूर आणि व्हुएल्ता या तिन्ही मोठ्या शर्यती एकाच संघाच्या तीन जणांनी जिंकल्या. रोग्लिच पुढच्या हंगामात बोरा संघाकडे गेला. आमच्या मते रोग्लिचला दोष देण्यात अर्थ नाही. एका संघात तीन नेते ठेवले की असं होणारच.

पाहताना रंगावर भरवसा ठेवला की नवखा फसतो. राष्ट्रीय विजेता संघाच्या नव्हे, आपल्या देशाच्या रंगाच्या जर्सीत असतो, आघाडीवरचा पिवळ्यात, आणि काही संघ टूरपुरती वेगळीच जर्सी काढतात. ओन्से हा स्पॅनिश संघ मुळात पिवळा, म्हणून टूरमध्ये त्याला रंग बदलावा लागे. खरी खूण पाठीवरच्या नंबराची. २०१८ पासून टूरमध्ये एका संघाचे ८ जण. नंबर १ ते ८, ११ ते १८, २१ ते २८ असे चालतात, आणि शेवटी १ असलेला बहुधा संघाचा नेता. शेवटच्या घाटात ज्याच्यासाठी बाकीचे वारा खातात तो यापेक्षा वेगळा निघाला, तर संघात काहीतरी शिजतंय असं खुशाल समजा.

खेळाडूंच्या अदलाबदलीची अधिकृत घोषणा १ ऑगस्टपासून होते, करार मात्र ३१ डिसेंबरपर्यंत जुन्याच संघाशी. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरच्या व्हुएल्तात काही जण असे असतात की ज्यांनी पुढच्या वर्षासाठी प्रतिस्पर्ध्याकडे सही केली आहे आणि ज्यांना बाटल्या मात्र जुन्या नेत्यासाठी आणाव्या लागतात. काहींना संघ शर्यतीत घेतच नाही.