दर दोन मिनिटांनी एक चमचा

मुलाला उलटी होते. तोंड धुऊन होतं न होतं तोच ते पाणी मागतं आणि आपण पेला भरून देतो. तहानलेलं मूल तो एका दमात रिकामा करतं. पाच मिनिटांत तेवढंच पाणी जोरात बाहेर पडतं. असं दोनदा झालं की घरात निष्कर्ष निघतो, ‘याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही.’ मग कुणीतरी सुचवतं, आता चार तास काही देऊ नका, पोटाला विश्रांती द्या. बाहेर ऊन तापलेलं असेल तर हेच चार तास मुलाला सगळ्यात जास्त भोवतात.

पोटात पेलाभर ठरत नाही. चमचाभर बहुतेक वेळा ठरतं. जंतुसंसर्गाने चिडलेलं जठर ताणलं गेलं की त्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंकडून मेंदूच्या तळाशी संदेश जातो आणि तिथून उलटीचा हुकूम सुटतो. पाच मिलिलिटर पाण्याने जठर ताणलं जात नाही. शिवाय जठर पातळ पदार्थ थोडा थोडा करून पुढे आतड्यात सोडत असतं, त्यामुळे पुढची उलटी झालीच तरी आधीच्या चमच्यांतलं काही ना काही आत पोहोचलेलं असतं. दर दोन मिनिटांनी एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलि, दिला तर तासाला 150 मिलि होतात. चार तासांत 600. चमच्याने हे काम कंटाळवाणं होतं, हात अवघडतो. औषधाची सुई नसलेली सिरिंज असेल तर गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडणं सोपं जातं. मधे उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आधीपेक्षा सावकाश.

आता उन्हाकडे वळू, कारण माझ्या मते गफलत इथेच होते. मुलाला पाणी पाजणं हे एक काम आणि त्याला गार ठेवणं हे दुसरं, असं आपण धरून चालतो. शरीराच्या लेखी ते एकच काम आहे. दोन्हींचा खर्च एकाच साठ्यातून होतो.

दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण सहा लिटर पाणी असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं की वजनाच्या पाच टक्के तूट झाली आणि शोष दिसायला लागतो. एक लिटर गेलं तर जिवाला धोका. साठ किलोच्या माणसाला तेवढीच पाच टक्के तूट यायला तीन लिटर जावे लागतात. त्यात लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने पसरट असतं, म्हणजे दर किलोमागे त्वचा जास्त. भोवतालची हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर याच त्वचेतून उष्णता आत शिरते. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून मोठ्यांसारखी दाट लघवी करून पाणी वाचवू शकत नाहीत. आणि तहान लागली तरी त्याला सांगता येत नाही, उठून घेता येत नाही.

अंग गार ठेवण्याचं शरीराचं मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावरच सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. यावरून एक छोटा हिशेब करता येतो. दहा किलोच्या शरीराचं तापमान एका अंशाने उतरवायला आठ-साडेआठ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. तेवढ्यासाठी अंगावरून जेमतेम 15 मिलि पाणी सुकावं लागतं. तीन चमचे. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतूनही घेतली जाते, त्यामुळे काही चमचे जास्त लागतील; पण मुद्दा प्रमाणाचा आहे. हे तीन चमचे मुलाच्या अंगातून घाम म्हणून गेले, तर ते तोंडावाटे परत भरायला आपल्याला सहा मिनिटं लागतात, तीही उलटी झाली नाही तर. तेच तीन चमचे ओल्या फडक्यातून बाहेरून आले, तर मुलाला आपल्या साठ्यातला थेंबही द्यावा लागत नाही.

म्हणून आजारी मुलाला सावलीत, हवेशीर खोलीत ठेवणं हेही पाणी पाजणंच आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. गरमीत शरीर जास्तीचं रक्त त्वचेकडे वळवतं, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकता येते. उलट्यांमुळे पाणी गेलं की रक्ताचं आकारमान घटतं आणि शरीराला निवड करावी लागते: त्वचेला रक्त द्यायचं की मेंदू-हृदयाला? ते मेंदू-हृदय निवडतं. त्वचेचे रस्ते आवळले जातात, घाम कमी होतो, उष्णता आत कोंडते. ताप वाढतो, मळमळ वाढते, उलटी पुन्हा होते. छाती-पोट कढत आणि हातपाय मात्र गार, असं मूल दिसलं तर ही ओढाताण आत चालू असू शकते. गार हातांना ‘बरं वाटतंय’ समजू नये. असं मूल डॉक्टरांनी लगेच पाहायला हवं.

काय पाजायचं, याचं सगळ्यात चांगलं उत्तर अजूनही जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, हेच आहे. त्यामागचं विज्ञान मला नेहमी थक्क करतं. आतड्याच्या पेशींच्या तोंडाशी एक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं. एकट्या ग्लुकोजला तिथून प्रवेश नाही. जोडी आत गेली की मागोमाग पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना 1960 साली प्राग इथे मांडली. विषाणूंनी किंवा पटकीच्या (कॉलराच्या) जंतूंनी आतड्याची दशा केली तरी हे दार बऱ्याच अंशी उघडं राहतं, हे त्यातलं मोलाचं. 1971 साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. त्याआधी तिथे शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते; हे द्रावण सुरू झाल्यावर ते प्रमाण चारच्या खाली आलं. पाजणारे हात नातेवाइकांचे होते, ही गोष्ट आज घरी चमचा घेऊन बसलेल्या माणसाने जरूर लक्षात ठेवावी.

आजचं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र 2002 पासूनचं आहे. एका लिटरमध्ये मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. आधीच्या सूत्रापेक्षा ते पातळ आहे, आणि पातळ केल्यावर मुलांच्या उलट्याही कमी झाल्या. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळी पुडी विरघळवायची. ‘थोडीच लागेल’ म्हणून अंदाजाने अर्धी पुडी ओतली की प्रमाण बिघडतं. दाट झालं तर रक्तातलं मीठ वाढतं, पातळ झालं तर उपयोग उरत नाही. वरून साखर घालू नये. झाकून थंड जागी ठेवावं आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यावं. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ चालतं, मात्र मोजून. मीठ चुकून दुप्पट पडणं धोक्याचं असतं, त्यामुळे घाईत असाल तर कुणा दुसऱ्याला मोजायला सांगा.

गार केलेलं ओआरएस मुलं जास्त सहज घेतात. मोठ्या मुलासाठी ते गोठवून चोखायला दिलं तरी चालतं; चोखताना ते आपोआप घोटाघोटाने जातं.

नुसतं पाणी का नको, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उलटी-जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात. भरपाई फक्त पाण्याने केली तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि फार उतरलं तर मूल झोपाळतं, त्याला झटके येऊ शकतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर कडक उन्हातही वेगळं पाणी लागत नाही. आईच्या दुधात ते पुरेसं असतं. अशा बाळाला उलट्या होत असतील तर छातीशी घेणं थांबवू नये, थोडा वेळ पण वारंवार पाजावं. गोड शीतपेयं आणि तयार रस यांची अडचण वेगळी आहे: साखर फार, सोडियम नाममात्र. ती साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढू शकतात. तरी एक अपवाद नोंदवायला हवा. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात शोष अगदी किरकोळ असलेल्या मुलांना निम्मं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि मग त्यांच्या आवडीची पेयं दिली, तेव्हा ती क्षारांचं द्रावण दिलेल्या मुलांपेक्षा बरी राहिली. शिरेतून सलाईन देण्याची वेळही कमी मुलांवर आली. मूल हसतंखेळतं असेल आणि ओआरएसला तोंडच लावत नसेल तर एवढी सूट ठीक आहे. डोळे खोल गेलेल्या मुलाला ती सूट नाही.

किती द्यायचं? शोष दिसत असेल तर चार तासांत दर किलोमागे 75 मिलि, म्हणजे दहा किलोच्या मुलाला पाऊण लिटर. चमच्याचा वेग त्यासाठी पुढे थोडा वाढवावा लागतो. पहिला तास उलटीविना गेला की वाढवावा. उपाशी ठेवण्याचं मात्र काहीच कारण नाही. रिकाम्या पोटी शरीर चरबी जाळतं, त्यातून निघणारी कीटोन द्रव्यं आणखी मळमळ आणतात. भूक दिसली की नेहमीचं मऊ अन्न थोडं थोडं द्यावं.

अंग गार ठेवताना साधं पाणी वापरा, बर्फाचं नको. नुसता ताप असलेल्या मुलाला बर्फगार पाण्याने पुसलं तर त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्यातून आणखी उष्णता तयार होते. अंगाला स्पिरिट चोळणं घातक आहे. ते त्वचेतून आणि श्वासातून आत जातं. जाड कपडे काढावेत, मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि मग पंखा लावावा. क्रम महत्त्वाचा. त्वचेचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. खोलीतली हवा त्याहून गरम असेल तर कोरड्या अंगावर पंखा गरम हवाच आणून आदळतो. अंग ओलं असेल तर तोच वारा पाणी सुकवून गारवा देतो. दमट हवेत पाणी सुकतच नाही, तिथे थंड खोली शोधणं हाच उपाय. बाबागाडीवर उन्हासाठी कापड टाकलं तर आत भट्टी होते. उभ्या गाडीत मुलाला एक मिनिटही ठेवू नये. उन्हात ती दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापू शकते.

इथे ताप आणि ऊन लागणं यांतला फरक कळायला हवा. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेतो, पॅरासिटामॉल तो आदेश खाली आणतं. उष्माघातात मेंदूचा आदेश नेहमीचाच असतो, शरीराला तो पाळता येत नाही. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. मूल उन्हातून किंवा कोंदट जागेतून आलंय, उलटी होतेय, डोकं दुखतंय, तर ‘पोट बिघडलं’ म्हणण्याआधी ऊन आठवा. तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर आणि मूल बरळतंय, ओळखत नाही, लटपटतंय किंवा झटके येताहेत, तर तोंडाने काही देऊ नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हाताला लागेल त्या थंड पाण्याने त्याला भिजवत राहा. वर बर्फाबद्दल लिहिलेली सावधगिरी या प्रसंगाला लागू नाही. इथे वेगच जीव वाचवतो.

न थांबता डॉक्टरांकडे न्यावं अशा आणखी खुणा: उलटी हिरवी किंवा रक्ताची, पोट फुगलेलं वा खूप दुखणारं, मान ताठ, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, तीन महिन्यांखालचं बाळ, टाळू खोल गेलेली, पोटावरची चिमूट सोडल्यावर त्वचा सावकाश बसणं, तान्ह्या बाळाचा लंगोट सहा तास कोरडा. एक खूण मात्र फसवी आहे. मूल सुकलंय, उलट्या होताहेत आणि तरीही भरपूर शू करतंय, तर आत मधुमेह सुरू झालेला असू शकतो. त्याची रक्तातली साखर त्याच दिवशी तपासावी. उलटी थांबवायचं मोठ्यांचं औषध मुलाला घरच्या घरी देऊ नये; काही औषधांनी लहान मुलांची मान आणि जबडा वाकडा होऊ शकतो. गरज असेल तर डॉक्टर मुलाच्या वजनाप्रमाणे योग्य औषध देतात.

रात्री हवा थोडी उतरते आणि दमलेलं मूल झोपतं. दिवसभरात लघवी नीट झाली असेल तर झोपू द्यावं. झाली नसेल तर अधूनमधून हलवून जागं करावं आणि दोन-चार चमचे पाजावेत. जागं करूनही ते नीट डोळे उघडत नसेल तर ती झोप नव्हे, ग्लानी आहे, आणि सकाळची वाट पाहायची नाही. पाणी भरून येताना बहुधा तोंड आधी ओलं होतं, मग रडताना डोळ्यांत पाणी दिसतं, आणि लघवी सावकाश फिकी होत जाते. ती फिकी होईपर्यंत चमचा बाजूला ठेवू नये.