बांधकाम कामगार नोंदणी: आधी नव्वद दिवसांचा दाखला

"इतकी वर्षं परांचीवर काढली, आपल्याला काय होतंय?" नाक्यावर उभा असलेला कुठलाही जुना गवंडी हे बोलून दाखवतो. पण दोरी सुटते तेव्हा ती अनुभव बघत नाही, आणि मागे राहिलेल्या घरच्यांना मुकादम ओळखही देत नाही. म्हणून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव हवंच.

वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम, एवढीच पात्रता. गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, फरशीवाले, रंगारी, प्लंबर, सुतार, वेल्डर सगळे यात बसतात. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकाही! त्यांची हजेरी बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर लागते, तेव्हा त्यांचा अर्ज वेगळा भराच.

आधार कार्ड, वयाचा व राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि बँक पासबुक जमवणं सोपं आहे. गाडी अडते ती ९० दिवसांच्या दाखल्यावर. हा दाखला ठेकेदार किंवा मालक देतो, गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका वा महापालिकेचा अधिकारीही देऊ शकतो. नाक्यावरच्या माणसाचा ठेकेदार दर आठवड्याला बदलतो, म्हणून काम कुठे केलं, कोणाकडे आणि किती दिवस, हे वहीत लिहीत चला. काम संपल्यावर सही मागायला गेलात तर फोन उचलला जात नाही. मजुरी घेतानाच सही घ्या.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा आणि मूळ कागद केंद्रात दाखवायचे. नोंदणी १ रुपया, वार्षिक वर्गणी १ रुपया. एजंट हजारांत बोलला तर तिथूनच परत फिरा. खोटा दाखला तर मुळीच जोडू नका; तपासणीत तो पकडला जातो.

दरवर्षी नूतनीकरण लागतं, आणि तेव्हा नव्याने ९० दिवसांचा दाखला द्यावा लागतो. हे विसरू नका, कारण कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला मिळणारे ५ लाख रुपये नोंदणी चालू असेल तरच मिळतात. नैसर्गिक मृत्यूला २ लाख आहेत.

नोंदणीनंतर सुरक्षा संचासाठीही अर्ज करता येतो. त्यातलं हेल्मेट, बूट आणि सेफ्टी बेल्ट अनेक घरांत माळ्यावर पडून असतात, कारण घातले की सोबतचे हसतात. हसू द्या. स्लॅबच्या कडेला उभं राहताना बेल्टचा हूक पक्क्या आधाराला अडकवा, परांचीच्या बांबूला नको.